समुद्रतळाचा परवाना

परवाना या शब्दाविषयी आपल्या समाजात फारशी प्रीती नाही. शस्त्राचा परवाना, दुकानाचा परवाना, वाहनाचा परवाना, असे कितीतरी परवाने आयुष्याच्या वाटेवर जकातनाक्यासारखे उभे असतात, आणि प्रत्येक नाक्यावर माझ्यासारखा एखादा सरकारी नोकर बसलेला असतो. तेव्हा परवान्याची बाजू मांडण्यास मीच पुढे यावे, याचे श्रोत्यांना हसू आले तर त्यात त्यांचा दोष नाही. परंतु आज ज्या परवान्याविषयी बोलावयाचे आहे तो जरा निराळा आहे. समुद्राच्या तळाशी शेकडो वर्षे पडून राहिलेल्या जहाजाची पाहणी करावयाची किंवा त्याचे उत्खनन करावयाचे झाल्यास जो परवाना घ्यावा लागतो, तो हा परवाना होय.

या विषयाकडे माझे लक्ष वळले ते ग्रंथ वाचून नव्हे, एका चुकीमुळे. नोकरीच्या आरंभीच्या काळात मी एका किनारी तालुक्याच्या ठिकाणी होतो. एका सकाळी तेथील एका नाखव्याच्या जाळ्यात लोखंडी तोफ अडकून आली. तिच्यावर शंखशिंपल्यांचे आणि चुनखडीचे जाड कवच चढले होते. नाखव्याने ती प्रामाणिकपणे बंदरावर आणून दिली. आता प्रश्न पडला की, ही तोफ कोणाची? एका खात्याला ती बेवारस माल वाटली, दुसऱ्याला पुरातन वस्तू वाटली, आणि तिसऱ्याला ती आपल्या हद्दीबाहेरची वाटली. तिची फाईल या तिन्ही खात्यांतून फिरली. त्या प्रवासात ती एकवीस दिवस माझ्याही टेबलावर होती, हे मी येथे कबूल करतो. तोफ मात्र कचेरीच्या अंगणात उन्हात पडून होती. आठ महिन्यांनी तिला योग्य जागी हलविण्याची परवानगी आली, तेव्हा कवच फुटून लोखंडाचे पापुद्रे गळून पडले होते. ज्या चिन्हावरून, ज्या आकड्यांवरून ती कोणत्या देशाची व कोणत्या काळाची हे कदाचित सांगता आले असते, ते त्या पापुद्र्यांबरोबर मातीत मिसळून गेले होते.

असे का झाले, हे मला पुढे समजले. समुद्रातील क्षार लोखंडात खोलवर मुरलेले असतात. ती वस्तू पाण्याबाहेर काढून तशीच वाळू दिली की क्षारांचे स्फटिक बनतात, गंज झपाट्याने वाढतो, आणि जी वस्तू तीनशे वर्षे पाण्याखाली टिकली ती काही महिन्यांत आतून फुटते. लाकडाचेही तसेच. पाण्याने फुगलेले जुने लाकूड वाळताच आकसते, पिळवटते आणि चिरफाळते. समुद्रातून वस्तू वर काढणे हे तिला वाचविणे नव्हे. नीट तयारी नसेल तर तो तिचा शेवटच होय. मग परवाना नेमका कशासाठी असतो, आणि परवाना नसणे व तो उशिरा येणे यांत अधिक वाईट काय, हे दोन प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून राहिले. त्यांचे उत्तर ज्या किनाऱ्यांवर अगदी आरंभी शोधले गेले, त्यांत ऑस्ट्रेलियाचा पश्चिम किनारा प्रमुख आहे. म्हणून प्रथम आपण तिकडे जाऊ.

सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे हॉलंडहून जावा बेटातील बटेव्हिया शहराकडे, म्हणजे आजच्या जाकार्ताकडे, येत असत. आफ्रिकेचे दक्षिण टोक ओलांडल्यावर पश्चिमेकडून वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यांच्या आधारे ती सरळ पूर्वेकडे जात, आणि पुरेसे अंतर कापले असे वाटताच उत्तरेकडे वळत. परंतु हे 'पुरेसे अंतर' मोजण्याचे खात्रीचे साधन त्या काळी नव्हते. वळण्यास उशीर झाला की पुढे ऑस्ट्रेलियाचे प्रवाळखडक वाट पाहत असत. १६२९ च्या ४ जूनला 'बटेव्हिया' याच नावाचे नवे कोरे जहाज हॉटमन ॲब्रोलोस या बेटसमूहाजवळ अशाच खडकावर आदळले.

या जहाजाच्या प्रमुखाची आपणांस थोडी ओळख असावयास हवी. त्याचे नाव फ्रान्सिस्को पेल्सार्ट. बटेव्हियावर येण्यापूर्वी हा मनुष्य कित्येक वर्षे आग्र्यात कंपनीचा व्यापारी म्हणून राहिला होता, आणि जहांगीरच्या राज्यातील व्यापार, कर व सामान्य रयतेची हलाखी यांविषयी त्याने लिहिलेला वृत्तांत आजही आपल्या इतिहासकारांना उपयोगी पडतो. मोगल दरबारी विकण्याच्या हेतूने आणलेले रत्नखचित जिन्नसही या जहाजावर होते. जहाज फुटल्यावर पेल्सार्ट एका लहान नावेतून मदत आणण्यासाठी जावाकडे गेला. त्याच्या पाठीमागे बेटावर उरलेल्या लोकांत येरोनिमस कॉर्नेलिस्झ नावाच्या अधिकाऱ्याने बंड माजवून शंभराहून अधिक स्त्री-पुरुषांची व मुलांची कत्तल घडवून आणली. पेल्सार्ट परतला तेव्हा त्याच्याबरोबर पाणबुडे होते, आणि त्यांत गुजराती पाणबुडेही होते. त्यांनी रोकडीच्या बारा पेट्यांपैकी दहा वर काढल्या. हेही एका अर्थी परवानगीचेच काम होते, कारण गव्हर्नर जनरल कून याचा तसा हुकूम होता. पण त्या हुकुमाचा हेतू एकच होता: कंपनीचा पैसा परत आणा. उरलेले जहाज समुद्राच्या स्वाधीन झाले.

१९६३ साली या कथेला नवे वळण मिळाले. त्या वर्षी एप्रिल महिन्यात पर्थ शहराच्या उत्तरेस 'व्हेर्गुल्डे ड्राक', म्हणजे 'सोनेरी ड्रॅगन', या १६५६ साली बुडालेल्या डच जहाजाचे अवशेष हौशी पाणबुड्यांना सापडले, आणि जून महिन्यात, बुडाल्याला बरोबर ३३४ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, बटेव्हियाची निश्चिती झाली. पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारण्याचे साधन तोपर्यंत सामान्य माणसाच्या हाती आले होते. जे स्थळ तीन शतके समुद्राने राखले, ते आता रविवारच्या सुट्टीत जाता येईल इतके जवळ आले. 'सोनेरी ड्रॅगन'वर ७८,६०० गिल्डरांची चांदीची नाणी होती, ही गोष्ट कंपनीच्या दप्तरावरून सर्वश्रुत होती. साहजिकच तेथे केवळ जिज्ञासू जमले नाहीत. नाणी खडकात चिकटलेली असत, म्हणून काहींनी सुरुंग लावून खडक फोडले. खडकाबरोबर जहाजही फुटत होते, याची त्यांना पर्वा नव्हती.

तेव्हा वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्याने १९६४ मध्ये आपल्या वस्तुसंग्रहालयाच्या कायद्यात दुरुस्ती करून जुन्या जहाजांचे अवशेष संग्रहालयाच्या ताब्यात दिले. बुडालेल्या जहाजांना पुरातत्त्वाचे संरक्षण देणाऱ्या जगातील अगदी पहिल्या कायद्यांपैकी हा एक होय. जहाज शोधून काढणे हा या कायद्याने अपराध ठरविला नाही आणि शोधणाऱ्यास पारितोषिकाचीही सोय झाली. परंतु सापडलेल्या जहाजाला हात लावावयाचा तर परवानगी हवी, हे तत्त्व रूढ झाले.

हे तत्त्व सहजासहजी टिकले मात्र नाही. पहिला प्रश्न मालकीचा होता. डच कंपनी नामशेष झाली होती, पण तिचा वारसा डच सरकारकडे होता. त्यामुळे १९७२ मध्ये दोन्ही सरकारांत करार झाला, डच सरकारने आपले हक्क ऑस्ट्रेलियास दिले, आणि सापडलेल्या वस्तूंच्या वाटपासाठी संयुक्त समिती नेमली गेली. दुसरा प्रश्न हद्दीचा होता. 'सोनेरी ड्रॅगन'च्या शोधाशी ज्याचे नाव जोडले गेले त्या ॲलन रॉबिन्सन याने संग्रहालयाविरुद्ध दावा लावला, आणि १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च स्थानी असलेल्या न्यायालयाने राज्याचा १९७३ चा कायदा या प्रकरणी अवैध ठरविला. किनाऱ्यापासून दूर समुद्राच्या तळावर राज्याची सत्ता कितपत पोहोचते, हा त्यातील वादाचा मुद्दा होता. सुदैवाने संघसरकारने १९७६ मध्येच ऐतिहासिक जहाजांसाठी स्वतंत्र कायदा केला होता, त्याचा आधार मिळाला. १९९३ मध्ये सरकारने क्षमादानाची मुदत जाहीर केली, तेव्हा लोकांनी घरोघरी ठेवलेल्या हजारो वस्तूंची नोंद केली. पुढे २०१८ मध्ये या कायद्याची जागा अधिक व्यापक कायद्याने घेतली. त्यान्वये ७५ वर्षांहून जुने प्रत्येक बुडालेले जहाज, कोणी शोधले असो वा नसो, आपोआप संरक्षित ठरते.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर बटेव्हियाच्या उत्खननात आहे. १९७२ ते १९७६ या काळात जेरेमी ग्रीन यांच्या नेतृत्वाखाली संग्रहालयाच्या पथकाने हे काम केले. जहाजाच्या तळाशी घडीव वालुकाश्माचे मोठमोठे दगड होते. खजिन्याच्या मागे लागलेल्या माणसाने ते अडगळ म्हणून बाजूस लोटले असते. पथकाने प्रत्येक दगडाची नोंद केली, तो वर काढला, आणि ते १३७ दगड एकमेकांशी जुळवून पाहिले तेव्हा त्यांतून एक भव्य प्रवेशद्वार उभे राहिले. बटेव्हियाच्या किल्ल्यासाठी हॉलंडातच घडवून पाठविलेले हे द्वार आपल्या जागी कधीच पोहोचले नव्हते. जहाजाच्या मागील बाजूचे लाकूडही मिळाले. त्यावरून त्या काळचे डच सुतार जहाजाला फळ्यांचे दुहेरी आवरण कसे देत असत, हे प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. ते लाकूड वर्षानुवर्षे रासायनिक द्रावणात मुरवून, हळूहळू वाळवून, फ्रीमँटलच्या संग्रहालयात पुन्हा जोडण्यात आले. खोदणे चार-पाच हंगामांत संपले. जतनाचे काम त्यानंतर दीर्घकाळ चालले. पेल्सार्टच्या हुकुमाला दहा पेट्या दिसल्या. नव्या परवान्याला एक द्वार, एक जहाज आणि एक शतक दिसले.

याच्या उलट उदाहरणही पाहण्यासारखे आहे. १७५२ साली दक्षिण चिनी समुद्रात 'गेल्डरमाल्सन' हे डच जहाज बुडाले. मायकेल हॅचर या व्यावसायिकाने १९८५ मध्ये ते शोधले आणि सुमारे दीड लक्ष चिनी मातीची भांडी व शंभराहून अधिक सोन्याच्या लगडी वर काढल्या. १९८६ मध्ये ॲमस्टरडॅमला त्यांचा लिलाव झाला, आणि भांडी जगभरच्या दिवाणखान्यांत विखुरली. जहाज कसे बांधले होते, माल कोणत्या थरात, कसा रचला होता, खलाशांच्या वस्तू कोठे होत्या, याची शास्त्रशुद्ध नोंद राहिली नाही. भांडी उरली, पण ती आता केवळ भांडी आहेत. त्यांना एकमेकांशी बांधणारा धागा तुटला आहे. पुस्तकातील पाने फाडून एकेक विकावीत, तसा हा प्रकार झाला.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. परवाना असला म्हणजे सारे ठीक झाले, असेही नाही. इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये नवव्या शतकातील एक जहाज सापडले. त्याच्या फळ्या खिळ्यांनी नव्हे, दोरीने शिवलेल्या होत्या. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही अशी शिवण्याची विद्या जुन्या काळापासून होती. त्यावर चीनमधील सुमारे ६०,००० वस्तू होत्या. हे काम करणाऱ्या कंपनीस इंडोनेशिया सरकारचा परवाना होता. परंतु तो वर काढून विकण्याचा परवाना होता. २००५ मध्ये सिंगापूरने तो संग्रह विकत घेतला म्हणून तो एकत्र राहिला, ही समाधानाची गोष्ट होय. तरीही, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत त्याचे प्रदर्शन भरविण्याचे ठरले तेव्हा पुरातत्त्वज्ञांनी आक्षेप घेतले, आणि २०११ मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला. तात्पर्य, परवान्यावरील शिक्का महत्त्वाचा नाही. त्यातील अटी महत्त्वाच्या आहेत.

त्या अटी कोणत्या असाव्यात, याविषयी जगाचे विचार आता बरेच स्थिरावले आहेत. युनेस्कोने २ नोव्हेंबर २००१ रोजी पाण्याखालील सांस्कृतिक वारशाविषयी जो आंतरराष्ट्रीय करार संमत केला आणि जो २ जानेवारी २००९ पासून अमलात आला, त्याला ३६ नियमांचे एक परिशिष्ट जोडलेले आहे. कमीत कमी शंभर वर्षे पाण्याखाली असलेल्या अवशेषांना तो लागू होतो. त्या नियमांचा सारांश साध्या भाषेत सांगतो. अर्जदाराने प्रथम हे सांगावे की, त्याला काय जाणून घ्यावयाचे आहे आणि त्यासाठी जहाजाला हात लावणे खरोखर आवश्यक आहे काय. पद्धती कोणती, पथकात कोण व त्यांची पात्रता काय, वेळापत्रक काय, हे लिहून द्यावे. वर काढलेल्या वस्तूंच्या जतनाची व्यवस्था आधीच करावी. सर्व कामास पुरेल एवढा पैसा आरंभापूर्वीच हाती असावा, आणि तो मध्येच तुटला तर काय करणार, तेही सांगावे. नकाशे, छायाचित्रे व टिपणे कोठे ठेवणार, अहवाल केव्हा प्रसिद्ध करणार, हे ठरवावे. आणि वस्तू विकून पैसा करण्याचा हेतू मुळीच नसावा.

हे प्रश्न ऐकून कोणास ही सरकारी तपासणी वाटेल. मला ती तशी वाटत नाही. शस्त्रक्रिया करण्यापूर्वी वैद्याला जे प्रश्न विचारावेत, तेच हे प्रश्न आहेत. उत्खनन ही एकदाच करता येणारी गोष्ट आहे. शिलालेख दहा विद्वानांनी दहा वेळा वाचावा. जहाजाचा थर एकदा उपसला की तो पुन्हा कोणास वाचावयास मिळत नाही. जो पहिल्यांदा वाचतो, तो पुढील सर्व पिढ्यांच्या वतीने वाचतो. म्हणूनच त्याने आधी वचन द्यावयाचे असते. परवाना म्हणजे ते वचन कागदावर उतरविणे होय. केवळ पाहणीसाठीही परवानगी का, तर नांगर टाकण्याने, वाळू उपसण्याने, एखादा 'नमुना' उचलण्याने, किंवा ठिकाणाचा ठावठिकाणा उघड करण्यानेही नाश सुरू होऊ शकतो.

आता आपल्या घराकडे वळू. भारताचा सागरी व्यापार हजारो वर्षांचा असूनही या विषयासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा झालेला नाही. जमिनीवरील वारसा डोळ्यांपुढे ठेवून केलेला १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा, निर्यातीस आळा घालणारा १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा, आणि समुद्रातील हद्दी ठरविणारा १९७६ चा कायदा, यांच्या आधारे काम भागवावे लागते. तीन कायद्यांच्या तीन वाटा एका तोफेपाशी येऊन कशा अडतात, हे मी वर सांगितलेच आहे.

तरी काम झालेच नाही, असे नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९८० च्या दशकात एस. आर. राव यांच्या मार्गदर्शनाखाली द्वारकेच्या समुद्रात शोध घेतला, आणि पुढे गोव्याच्याच पाण्यात बुडालेल्या जहाजांचा अभ्यास केला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात २००१ मध्ये पाण्याखालील पुरातत्त्वाची शाखा सुरू झाली आणि नौदलाच्या साहाय्याने लक्षद्वीपमधील बंगारम बेटाजवळ 'प्रिन्सेस रॉयल' या जहाजाचे उत्खनन झाले. गोव्याजवळच्या सुंची खडकावर सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. त्यांत तोफा व चिनी भांडी होती, आणि हस्तिदंत व पाणघोड्याचे दातही होते. हे दात बाजारात कोणी विचारणार नाही. पण त्यांनी आफ्रिका, गोवा आणि पूर्वेकडील देश एका रेषेत जोडून दाखविले. सेंट जॉर्ज खडकावर तर चक्क कौले सापडली, आणि त्यांवर बासेल मिशनच्या कारखान्याचे नाव व १८६५ हे वर्ष उमटलेले होते. कोकणात व गोव्यात ज्याचे बालपण मंगळुरी कौलांच्या छपराखाली गेले, त्याला हे वाचून आपल्याच घराचा कोनवासा समुद्रतळाशी दिसल्यासारखे वाटेल. खजिन्याच्या शोधात निघालेल्या माणसाने या कौलांकडे ढुंकूनही पाहिले नसते. जो नोंद करावयास बांधलेला आहे, तोच कौलाचीही नोंद करतो.

शेवटी पुन्हा त्या तोफेकडे येतो. तिची अवस्था पाहावयास तो नाखवा एकदा कचेरीत आला होता. अंगणात पडलेल्या पापुद्र्यांकडे बराच वेळ पाहून तो म्हणाला, "साहेब, ही परत पाण्यात टाकली असती तर वाचली असती." तेव्हा मला ते बोलणे लागले. पुढे कळले की, जे त्याने एका वाक्यात सांगितले तेच त्या ३६ नियमांतील पहिल्या नियमाचे सार आहे. अवशेष आहेत तेथेच जतन करणे, हा नेहमी पहिला पर्याय मानावा, असे तो नियम सांगतो. आज ती तोफ आली तर मी दुसऱ्या पत्राची वाट पाहणार नाही. ती पाण्याच्या टाकीत ठेवीन, छायाचित्र घेईन, नाखव्याकडून ती सापडल्याची जागा लिहून घेईन, आणि मग फाईल उघडीन.

माझ्या दोन प्रश्नांचे उत्तर मला असे मिळाले. परवाना नसला तर लूट होते, आणि तो उशिरा आला तर गंज चढतो. समुद्रातील वस्तूच्या दृष्टीने दोन्हींचा शेवट सारखाच. म्हणून परवाना मागणाऱ्याने वचन द्यावे, हे जितके आवश्यक, तितकेच तो देणाऱ्यानेही वेळेवर उत्तर देण्याचे वचन पाळावे, हे आवश्यक आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्या श्रोत्यांना एवढीच विनंती आहे की, जाळ्यात किंवा वाळूत असे काही आढळले तर ते घासूपुसू नये, फोडू नये, वाळू देऊ नये. ठिकाण ध्यानात ठेवून ताबडतोब कळवावे. आणि ज्यांच्या टेबलावर ती खबर येईल, त्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे की, त्या फाईलला एकवीस दिवस लावू नयेत.